थायलंडच्या परसबागेत

मुलांनो, शाकाहारी माणूस परदेशी निघाला की घरचे पहिला प्रश्न कोणता विचारतात, सांगा बघू? बरोबर! "अरे, पण तिकडे खाणार काय?" आणि मग बॅगेत कपड्यांपेक्षा चिवडा-लाडवांचे डबेच जास्त होतात!

थायलंडला जाणाऱ्यांच्या बाबतीत ही काळजी अगदीच खोटी नाही. तिथे साधी पालेभाजी मागवली तरी तिच्यात मिठाच्या जागी 'नाम प्ला' पडतं. नाम प्ला म्हणजे खारवलेल्या माशांचा रस. रश्श्याच्या वाटणात 'कपि' असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. आता हे दोन्ही काढून टाकलं, तर थाई जेवणात चव म्हणून काही उरेल का? चला, शोध घेऊ या. पण हॉटेलात नाही हं, आधी बागेत!

बँकॉकपासून साधारण शंभर किलोमीटरवर, राचबुरी प्रांतात दाम्नोन सदुआक नावाचं गाव आहे. होड्यांवर भरणाऱ्या बाजारासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. इथला मोठा कालवा राजा मोंगकुट यांच्या काळात, १८६६ ते १८६८ या वर्षांत खोदला गेला. त्याच्या आजूबाजूच्या बागा मोठ्या गमतीच्या आहेत. जमीन सखल, पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी. मग माळ्यांनी काय केलं? लांबच लांब चर खणले आणि निघालेल्या मातीचे उंच वाफे केले. एक वाफा, एक चर, पुन्हा वाफा, पुन्हा चर! त्यामुळे झाडांची मुळं कुजत नाहीत आणि उन्हाळ्यात पाणी शोधायला लांब जावं लागत नाही. माळी चरातून छोटी होडी नेतो आणि दोन्ही बाजूंच्या वाफ्यांवर पाणी उडवतो. आहे की नाही युक्ती?

आता एखाद्या घराच्या परसात डोकावू. अरेच्चा! इथे तर ओळखीची मंडळी दिसतात. हा गवती चहा, ही तुळस, कुंपणावर निळी गोकर्ण. पण त्यांचा उपयोग मात्र निराळा बरं का. आपण गवती चहाची पाती चहात उकळतो. थाई आजीबाई त्याच्या बुडाचा पांढरट, जाडसर भाग चिरून वाटणात घालतात. आपण कोथिंबीर निवडली की मुळं टाकून देतो. त्या ती धुऊन, लसूण-मिरीबरोबर कुटून ठेवतात. आणि तुळस? तिला तिथे 'कफ्राव' म्हणतात. तिची पानं मिरच्यांबरोबर मोठ्या आचेवर परततात. आपल्या सब्जाची एक बहीण आहे 'होरफा', तिची पानं रस्सा उतरवताना वरून घालतात.

आल्यासारखा दिसणारा एक कंद तिथल्या स्वयंपाकात नेहमी लागतो. त्याचं थाई नाव ऐकून तुम्ही हसाल. त्याला म्हणतात 'खा'! आणि बोटाच्या पेराएवढ्या जहाल मिरचीचं नाव आहे 'फ्रिक खी नू', म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची! गंमत म्हणजे मिरची मूळची थायलंडची नाही, तशी ती आपलीही नाही. ती आली अमेरिका खंडातून.

हे सगळं एकत्र येतं ते दगडी खलबत्त्यात. कुटण्याचाही क्रम असतो. आधी कडक आणि चिवट जिन्नस, म्हणजे 'खा' आणि गवती चहा. ओले आणि मऊ जिन्नस मागाहून. हिरव्या मिरच्यांमुळे वाटण हिरवं होतं. त्यात नारळाचं दूध आणि छोटी वांगी पडली की घरभर असा वास सुटतो, की विचारू नका!

पण मासळीशिवाय हे जमतं का? त्याची खरी परीक्षा 'जे' नावाच्या उत्सवात होते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस हजारो लोक मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य करतात. एवढंच नाही, कांदा-लसूणही बंद! आपल्याकडे जैन घरांत किंवा चातुर्मास पाळणाऱ्यांकडे असतं, तसंच. फुकेट बेटावर सांगतात, की १८२५ साली काथू गावात आलेली एक चिनी नाटकमंडळी आजारी पडली. तिने हे व्रत केलं आणि ती बरी झाली, तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला.

त्या दिवसांत दुकानांवर पिवळी निशाणं फडकतात, त्यांवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं असतं. नाम प्लाच्या जागी सोयाबीनचा खारट रस येतो. मांसाच्या जागी टोफू आणि अळिंबी. पण गवती चहा, 'खा', तुळस, लिंबाची पानं आणि चिंच आपापल्या जागी असतातच. म्हणून मासळी गेली, कांदा-लसूण गेला, तरी ताट बेचव होत नाही. कारण चवीचा मोठा वाटा परसातूनच येत होता!

शाकाहाराला थाई भाषेत एक शब्द आहे, 'मांगसविरत'. ओळखला का? मांस आणि विरती, दोन्ही आपल्या ओळखीचे संस्कृत शब्द! मात्र तेवढ्याने अंडी टळतीलच असं नाही. तीही नको असतील तर 'किन जे', म्हणजे 'मी जे खातो', असं सांगावं.

आता तुमचं काम. या रविवारी आईकडून एक जुना डबा मागून घ्या. बुडाला भोकं पाडून देण्याचं काम मोठ्यांना सांगा. गवती चहाचं मुळासकट एक ठोंब त्यात लावा. शेजारी गोकर्णाचं बी पेरा. फुलं आली की चार-पाच पाकळ्या गरम पाण्यात घाला. पाणी निळंशार होईल. मग त्यात लिंबू पिळा आणि बघा काय रंग होतो तो. थायलंडमध्ये असं सरबत पितात. आम्ही रंग सांगणार नाही, तुम्हीच करून पाहा!