चंदीगडची पाणंद

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. सोपं उत्तर देतो. पाणंद रस्त्यावर मजेत चालते ती सायकल. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, साधारण ३५ ते ४५ मिलिमीटरचे. त्यात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे चाक खड्यांवरून उडत नाही, जमीन धरून चालतं.

स्पेनमध्ये १९९३पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा केल्या आहेत. त्यांना तिकडे ‘व्हिया व्हेर्दे’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्यामुळे या वाटा मुळातच सौम्य चढाच्या; आजोबा आणि नात दोघंही आरामात जाऊ शकतात. ते व्हिडिओ बघताना वाटतं, हे सुख आपल्याला कुठलं मिळायला? पण तसं नाही. मी सध्या नोकरीनिमित्त चंदीगडला राहतो. इथे अशी वाट सुरू होते ती चक्क जागतिक वारसा स्थळाच्या मागून.

ते स्थळ म्हणजे कॅपिटल कॉम्प्लेक्स. ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने सेक्टर १मध्ये उभारलेली उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय यांची मांडणी. २०१६मध्ये युनेस्कोने त्याच्या सात देशांतल्या १७ कामांना वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हेही आहे. तिथला २६ मीटर उंचीचा ‘उघडा हात’ वाऱ्याबरोबर फिरतो. तो प्रत्यक्षात उभा राहिला १९८५मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. आत मात्र सायकल नेता येत नाही. ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर पायी फिरावं लागतं. तेही एकदा जरूर बघा.

शहराच्या या टोकापलीकडे शेतं आणि शिवालिकच्या टेकड्या लागतात. हे आपोआप झालेलं नाही. नव्या राजधानीभोवती वाटेल तशी बांधकामं होऊ नयेत म्हणून १९५२मध्येच परिघ-नियंत्रणाचा कायदा झाला. त्याला पळवाटा पुष्कळ निघाल्या, शहर पसरायचं ते पसरलंच. तरी कांसल गावाच्या बाजूला गेलात की अजून मातीची वाट लागते, मोर ओरडतात आणि गाड्यांचा आवाज मागे पडतो.

मागच्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला आले. आई जाऊन चार महिने झाले होते. वय एकाहत्तर, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले शेतकरी. आयुष्यभर सायकलवरून शेतात गेलेला माणूस. कॅरिअरवर कधी कडब्याची पेंडी, कधी मी. इथे आल्यावर मात्र बोलणंच थांबलं होतं. जेवलात का, तर “हो.” फिरायला येता का, तर “नको.” दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. कुणाच्या घरात असं शांत झालेलं माणूस असेल, तर त्या शांततेचं ओझं तुम्हाला ठाऊक असेल.

एका रविवारी मी दोन सायकली बाहेर काढल्या आणि एक त्यांच्यासमोर धरली. “अण्णा, हवा बघा बरं, कमी वाटते का.” त्यांनी अंगठ्याने टायर दाबला, सीट खाली करून घेतली आणि टांग टाकली.

शिवालिकच्या टेकड्या वाळू, चिकणमाती आणि गोट्यांच्या, भूगर्भाच्या हिशेबात अगदी तरुण. पावसात त्या भराभरा धुपतात. तिथून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्याला इकडे ‘चो’ म्हणतात. वर्षाचे बरेच महिने तो कोरडाच. नुसते गोटे आणि वाळू. आम्ही अशाच एका चोच्या काठाने निघालो. वाटेत लहानसा बंधारा लागला. अण्णा उतरले, मागे साचलेला गाळ मुठीत घेऊन चुरडला आणि म्हणाले, “माती अडवलीया रं. हितं कुणीतरी शाणा माणूस झालेला दिसतोय.”

चार महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं लांब वाक्य.

मग मी त्यांना त्या शहाण्या माणसांची गोष्ट सांगितली. सुखना चोवर बांध घालून १९५८मध्ये सुखना तलाव केला. थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. गाळाचा माग काढत मृदसंधारणाचे तज्ज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी पिंजोरजवळच्या सुखोमाजरी गावात पोचले. तिथल्या टेकड्या चराईने उघड्याबोडक्या झाल्या होत्या. गुरं सोडू नका म्हटलं तर लोक जगणार कशावर? म्हणून १९७६च्या सुमारास तिथे छोटा मातीचा बांध घातला आणि त्याचं पाणी गावाला दिलं. पाण्यावर हक्क भूमिहीनांनाही मिळाला. आपला वाटा दिसल्यावर लोकांनीच टेकडीवरची मोकाट चराई बंद केली. गवत वाढलं आणि खाली येणारा गाळ कमी झाला.

अण्णांनी मध्येच विचारलं, “भूमिहीनांना बी पाणी?” त्यावर घरी येईपर्यंत आमची चर्चा चालली. आपल्या गावचा पाझर तलाव, त्याचं राजकारण, आईने डोक्यावरून वाहिलेल्या घागरी. आईचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं. मी मुद्दाम सावकाश पायडल मारत राहिलो.

पुढे महिनाभर आमचा हा नेम झाला. मार्च २०२०मध्ये उच्च न्यायालयाने सुखना तलावाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तळं जित्तं असतं हे बाईमाणसाला इचारा, घागर घेऊन जाणारीला. तिला कोर्ट लागत नाही.”

तुम्ही इकडे आलात तर काही गोष्टी लक्षात ठेवा. सुखना अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते; ती नसेल तर बाहेरच्याच वाटांवर राहा. पावसाळ्यात चोमध्ये उतरू नका, वर पाऊस झाला की कोरड्या पात्रात अचानक लोंढा येतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं उठेपर्यंत थांबा आणि सायकलला मागे लाल दिवा लावा. हेल्मेट, पाणी आणि पंक्चरचं सामान जवळ हवंच. महागडी सायकल नसली तरी चालेल. साध्या सायकलला बसतील तेवढे जाड टायर घाला, सुरुवातीला पुरेसे आहेत.

आणि चंदीगड लांब वाटत असेल, तर तुमच्या गावाला पाणंद आहेच. घरातल्या अबोल माणसाला तोंडाकडे बघून बोलायला जड जातं. शेजारी शेजारी सायकल चालवताना दोघांचीही नजर वाटेवर असते, मग बोलणं सोपं होतं, निदान आमचं तरी झालं. एका रविवारी दोन सायकलींत हवा भरून बघा.

अण्णा आता गावी आहेत. जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आहे, रोज शेताकडे एक चक्कर असते. जुलै लागला की त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नंतर, आधी विचारतात, “तुमच्या चोला पाणी आलं का?”