जिभेएवढा नाही, जिभेसारखा

रात्री अडीच वाजता न राहवून मी रत्नागिरीला फोन लावला. "अहो, मला क्रिप्टोकॉटाइल सापडला!" तिकडे सकाळचे सात वाजले होते. चहा गाळता गाळता ह्यांनी विचारलं, "कुणाचा? आणि हरवला कधी होता?"

आता ह्यांना काय सांगू! तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. चपट्या कृमींचा धडा आला की फळ्यावर लिव्हर फ्लूक काढायचा, पट्टकृमी काढायचा, मुलांनी "ईऽऽ" करायचं, आकृतीला पाच गुण, की पुढचा धडा. या प्राण्यांना पाच गुणांपलीकडे काही आयुष्य असेल, असं माझ्या मनातही कधी आलं नाही. आणि इथे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर माझी सख्खी भाची नेमकं हेच करते! किनाऱ्याला लागलेले मेलेले समुद्रपक्षी आणायचे आणि त्यांच्या आतड्यात कोण कोण राहतं ते नावानिशी लिहून ठेवायचं. "मावशी, घरात बसून कंटाळशील, चल लॅबमध्ये," एवढंच ती म्हणाली होती.

पक्षी होता हेरिंग गल, म्हणजे थंडीत मांडवीच्या जेट्टीवर दिसणाऱ्या आपल्या कुरवांचा धिप्पाड भाऊबंद. बर्ड फ्लूची तपासणी होऊन आलेला, तरी मला हात लावायची परवानगी नव्हती. मी नुसती बघत होते. आतडं उभं चिरायचं, मिठाच्या पाण्यात खळबळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं गढूळ पाणी अलगद ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालायचं. अगं, हे तर तांदूळ धुणं! तळाशी उरलेलं तिने काळ्या बशीत घेतलं. मला दिसला रवा. तिला दिसले एकोणीस कृमी.

पुढचा सोहळा मला हातमोजे घालून करायला मिळाला. कृमी कार्माइनमध्ये रंगवायचा (कार्माइन म्हणजे कोचिनील किड्याचा लाल रंग, एका किड्याने दुसऱ्याची शोभा वाढवायची), जास्तीचा रंग उतरवायचा, चढत्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढून घ्यायचं आणि मग, वाचकहो, लवंगेचं तेल! त्यात कृमी पारदर्शक होतो. बाहेर उत्तर समुद्राचा वारा, आत दाताच्या डॉक्टरांकडे येतो तो वास, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते रव्याचे कण काचेचे होत चाललेले.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मी ओरडलेच. जेमतेम दोन मिलिमीटरचा जीव, पण आत केवढा पसारा! पुढे तोंडाभोवती एक चूषक. पोटावर दुसरा, तोही जननछिद्राच्या खळगीत दडलेला. मागच्या टोकाला दोन वृषणं, त्यांच्या पुढे अंडाशय, दोन्ही कडांना पीतक ग्रंथींचे गुलाबी घोस, आणि मधून गर्भाशयाची नागमोडी वाट, अंड्यांनी ठासून भरलेली. नर आणि मादी एकाच देहात! मी फळ्यावर तीस वर्षं हे सगळं काढत आले होते, पण खडूने. खडूला काय कळणार.

मग नाव. चूषक कुठे, वृषणं समोरासमोर की तिरकी, ग्रंथी कुठपर्यंत पोचतात, यावरून एकेक फाटा घेत पुढे जायचं. त्यासाठी इंग्रजीत फक्त ट्रीमॅटोड कृमींच्या ओळख-किल्ल्यांचे तीन जाडजूड खंड आहेत! फाटे संपले आणि माझा कृमी ठरला क्रिप्टोकॉटाइल लिंग्वा. 'लिंग्वा' म्हणजे लॅटिनमध्ये जीभ. 1825 साली क्रेप्लिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं, कारण तो आकाराने खरंच जिभेसारखा दिसतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे दिसलं, तेच मला दिसलं होतं. मग झोप कशी यावी!

दुसऱ्या दिवशी त्याच गलमधली आणखी एक स्लाइड मी दिमाखात 'लिंग्वा' म्हणून भाचीपुढे ठेवली. तिने एकदाच डोळा लावला. "मावशी, तुझी जीभ गोल असते का?" खरंच की! हा रुंद होता, जवळजवळ गोल. हा क्रिप्टोकॉटाइल कॉन्केव्हा. एकाच पक्ष्याच्या पोटात दोन सख्खे चुलत! आणि गंमत पुढेच आहे. दोघं वाढले वेगवेगळ्या गोगलगायींत. लिंग्वा पेरिविंकलमध्ये, तर कॉन्केव्हा चिखलातल्या इवल्याशा हायड्रोबियात. पेरिविंकल म्हणजे इथे लोक टाचणीने टोकरून खातात ती. पक्ष्याच्या विष्ठेतली अंडी गोगलगाय खाते, तिच्या आत पिढ्यांवर पिढ्या होतात, शेपटीवाल्या अळ्या बाहेर पोहत निघतात, माशाच्या कातडीत घुसून बसतात, माशावर काळे ठिपके उठतात, आणि तो मासा गल गिळतो. लिंग्वाचा हा सगळा फेरा होरेस स्टंकार्ड यांनी 1930 साली जोडून दाखवला. त्याआधी आणि नंतरही कितीतरी अळ्यांना, आई-बाप ठाऊक नसल्यामुळे, सरळ 'सर्केरिया' असं तात्पुरतं आडनाव लावून नोंदवलं गेलं.

मिरियम रॉथशील्ड या बाईंनी प्लिमथला अशी एक बाधित पेरिविंकल पाच वर्षं सांभाळली आणि तिच्यातून निघणाऱ्या अळ्या मोजल्या. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त! महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्रयोगशाळा गेली, कित्येक वर्षांचं काम गेलं. पुढे त्या पिसवांच्या नादी लागल्या आणि त्यातही जगात नाव काढलं. अशा बाईंची आठवण आली की मला माझ्या गुडघेदुखीची लाज वाटते.

भाचीने फुल्मार पक्ष्यातला पट्टकृमीही दाखवला, टेट्राबॉथ्रियस. याच्या डोक्यावर आकडे नाहीत. चार चूषक, आणि प्रत्येकाला कानाच्या पाळीसारखी पाळी. हे कुळ राहतं फक्त समुद्रपक्ष्यांत आणि देवमासे-सीलसारख्या सागरी सस्तनांत. का, ते ती तासभर सांगत होती. मी अर्धवट ऐकलं, कारण माझं मन पेरिविंकलमध्येच अडकलं होतं.

शनिवारी ओहोटीला मी चौदा पेरिविंकल गोळा करून आणल्या. भाची झोपलेली. तिच्या फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे घेतला, प्रत्येक खान्यात समुद्राचं पाणी आणि एक गोगलगाय, वर जाळी बांधली आणि ट्रे खिडकीत ठेवला. सकाळी तेरा खाने स्वच्छ. अकराव्या खान्यात मात्र उजेडाकडच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती, आणि ती हलत होती! भिंग घेतलं. धूसरच, पण शेपट्या होत्या, वळवळत्या.

"अगं ऊठ!" मी ओरडले. ती डोळे चोळत आली, एक थेंब काचेवर घेऊन घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डोळ्यांचे दोन काळे ठिपके, शेपटीला पापुद्र्यासारखा पर. "ठेवण तर क्रिप्टोकॉटाइलचीच आहे," ती म्हणाली. "डीएनए पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही." मग तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओट्यावरच्या माझ्या लिंबू-सरबताच्या ग्लासाकडे पाहिलं.

"मावशी, त्यातला बर्फ कुठून घेतलास?"

"आधीच काढून ठेवला होता गं," मी म्हटलं आणि पुन्हा भिंग उचललं.