‘पूर्णा’ नीट उमटतं का?

संकेतस्थळाची नवी थीम, म्हणजे त्याच्या रंगरूपाचा साचा, हाती आली की मी सगळ्यात आधी आमच्या तालुक्याचं नाव मोठ्या मथळ्यात टाकून बघतो. पूर्णा. खाली दीर्घ ऊकार, वर रफार. मथळा लांबून दोन ओळींचा झाला की थीमचा कस लागतो. दोन ओळींत जागा कमी असेल तर वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. इंग्रजी मथळा डोळ्यासमोर ठेवून काम करणारा माणूस ओळीची उंची अक्षराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवतो. त्याच्या पडद्यावर ते सुबकच दिसतं. आमच्याच तालुक्यातल्या चुडाव्यात मोबाइलवर शाळेची सूचना वाचणाऱ्या पालकाला मात्र शब्दांचा गुंता दिसतो.

दुसरा शब्द ‘शेतकऱ्यांनी’. अर्धा र, काना, अनुस्वार, वेलांटी, सगळं एकाच शब्दात. तिसरा ‘ॲप’. टंक (फॉन्ट) अपुरा असेल तर तिथे रिकामा चौकोन येतो.

०

मथळ्यातल्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची सध्या चाल आहे. रोमन लिपीत ती शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडून पडल्यासारखा दिसतो. सीएसएस या मांडणीच्या भाषेतली, ती जागा सोडणारी एक ओळ काढली की काम भागतं. पण ती काढायला हवी, हे थीम बनवणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं.

०

बाहेरच्या माणसाने दिलेली थीम कमी दर्जाची, असं समजणाऱ्यांसाठी एक नोंद. वर्डप्रेस हे संकेतस्थळं बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर २००३ साली सुरू झालं. थीमची व्यवस्था फेब्रुवारी २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत आली आणि तिच्यासोबत मूळ थीम म्हणून आलेली ‘कुब्रिक’ मायकेल हाइलमन या वापरकर्त्याची होती. २०१० मध्ये ‘ट्वेंटी टेन’ येईपर्यंत जगभरच्या लाखो ब्लॉगांचा चेहरा तीच होती. प्रकल्पाचं रूप वापरणाऱ्यांतूनच आलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

०

परवाना. वर्डप्रेसचा अधिकृत थीम-संग्रह जुलै २००८ मध्ये उघडला तो जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीवर. त्याच डिसेंबरात सुमारे २०० थीम काढून टाकल्या गेल्या. जीपीएलशी न जुळणाऱ्या विकाऊ थीमकडे नेणारे दुवे त्यांच्यात होते. ओरड झाली, पण निर्णय योग्य होता. २००९ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरचं मत जाहीर झालं : थीममधला पीएचपी कोड वर्डप्रेसमधूनच निपजलेला, म्हणून त्याला जीपीएल लागू. चित्रं आणि सीएसएस वेगळी राहू शकतात. संग्रहात यायचं असेल तर मात्र तीही जुळणाऱ्या परवान्याची हवीत. थीम देणारे नेमके इथेच अडकतात. कोड स्वतःचा असतो. पहिल्या पानावरचा फोटो कुठून घेतला, ते आठवत नाही.

०

संग्रहात घेण्याआधी थीमची तपासणी होते, तिच्या नियमांतला मला सगळ्यात न्याय्य वाटणारा नियम : मजकूर साठवण्याचं काम थीमने करायचं नाही, ते प्लगिन या वेगळ्या जोडणीचं. एखाद्या शाळेने थीममध्ये दिलेल्या खास ‘सूचना’ विभागात वर्षभराच्या सूचना लिहिल्या आणि पुढे थीम बदलली, तर तो विभाग गायब. सूचना डेटाबेसमध्ये पडून असतात, पण गुरुजींना दिसत नाहीत. गुरुजी घाबरून जुनीच थीम परत लावतात आणि कायमचे तिच्याशी बांधले जातात. मजकूर लिहिणाऱ्याचा, थीमने त्याला ओलीस धरू नये.

०

वर्डप्रेसबाहेरचं एक उदाहरण, मार्च २०२४. केडीई या मुक्त डेस्कटॉपच्या वापरकर्त्याने बाहेरून आलेली एक ग्लोबल थीम बसवली आणि त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. थीममध्ये फाइली काढून टाकणारी आज्ञा होती, ती भलत्या जागी चालली. घातपात नव्हता, ढिसाळ कोड होता. बहुतेकांना वाटतं थीम म्हणजे रंग आणि चित्रं. या थीमना कोड चालवायची मुभा असते, हे बसवणाऱ्याला ठाऊक नसतं. केडीईने त्यानंतर उघडपणे सावध केलं. थीम स्वीकारताना पहिला प्रश्न ‘दिसते कशी’ हा नसावा. ‘काय काय करू शकते’ हा असावा.

०

२०१९ मध्ये ग्नोम या दुसऱ्या मुक्त डेस्कटॉपच्या ॲप बनवणाऱ्यांनी लिनक्स वितरकांना खुलं पत्र लिहून विनवलं होतं की आमच्या ॲपना आपल्या थीम परस्पर लावू नका. बटणं दिसेनाशी होतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांचा त्रास खरा आहे. तरी रूप बदलण्याचा वापरणाऱ्याचा हक्क मला सोडवत नाही.

०

एचटीएमएलच्या सुरुवातीलाच पानाची भाषा लिहिलेली असते. वर्डप्रेस ती आपणहून भरतं, थीमने फक्त तसं सांगायचं. काही जण तिथे ‘इंग्रजी’ असं कायमचं ठोकून देतात. काही टंकांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण पान मराठी आहे हे कळलं तरच ते उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. वाचता येतं, तक्रार कुणी करत नाही, आणि आपलं वळण हळूहळू डोळ्यांआड होतं.

टंकांची उणीव आता राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू मुक्त परवान्यावर आहेत, कुणीही थीमसोबत बांधून द्यावेत. बाहेरच्या सर्व्हरवरून टंक आणण्यापेक्षा ते बरं. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलवरून टंक ओढणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्ध निकाल दिला, कारण वाचकाचा आयपी पत्ता परवानगीविना तिकडे जात होता. त्यानंतर वर्डप्रेसनेही थीमवाल्यांना टंक सोबतच ठेवायला सांगितलं.

०

संग्रहासाठी थीम तपासणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. उत्तराला उशीर होतो. तरी नकार देताना ओळ क्रमांकासह कारण लिहावं. पहिल्यांदा थीम पाठवणारं पोर परभणीचं असो की पेरूचं, ‘नियमांत बसत नाही’ एवढ्या उत्तरावर ते पुन्हा फिरकणार नाही.

आणि स्वीकारताना विचारावं : पुढच्या वर्षी ही कोण सांभाळणार?

०

वर्डप्रेसच्या संग्रहात उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी वेगळी खूण आहे. अरबी, हिब्रू, उर्दूवाल्यांना त्यावरून थीम निवडता येते. देवनागरीसाठी तशी खूण नाही. थीम तपासायला मिळणारा तयार नमुना मजकूर मुख्यतः इंग्रजीच असतो. त्यात लांब मथळे, तक्ते, याद्या सगळं आहे, पण जोडाक्षर नाही. मग तपासणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्याच्यासमोर मराठी कधी आलेलीच नाही.

तेव्हा मराठी लिहिणाऱ्यांना विनंती. मथळा, उपमथळा, तक्ता, यादी, अवतरण असं मराठीतलं एक पान तयार करा. त्यात राष्ट्र, वाऱ्यावर, ॲप, पूर्णा हे शब्द असू द्या. मुक्त परवान्यावर ते ठेवा आणि जी थीम वापरता तिच्या कर्त्याला पाठवा. काय तुटलं त्याचं चित्र जोडा, जमलं तर सीएसएसची दुरुस्तीही लिहा. थीम बनवता येत नसली तरी एवढं योगदान प्रत्येकाला देता येतं.