जुना कटर पूर्ण वेग का घेत नाही?

विद्यार्थी मित्रांनो, 'माझा आवडता प्राणी' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' यांवर तुम्ही पुष्कळ निबंध लिहिले असतील. आज मी एका यंत्रावर लिहितो. लाकूड कापायचं पेट्रोलवरचं यंत्र, म्हणजे चेनसॉ. आमच्या कोकणात त्याला सगळे नुसतं 'कटर' म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यावर, कौलांवर, विजेच्या तारांवर झाडंच झाडं. नुसत्या कोयती-कुऱ्हाडीने ती कधी हटली असती? त्या दिवसांत हे कटर गावात दिसू लागले. पुढे काम सरलं, तसे काही विकायला निघाले. असाच एक वापरलेला कटर माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी घेतला.

त्यांची स्वतःची पोफळीची बाग वादळात गेली होती. नवी पोफळ लावली तरी सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर घर कसं चालवायचं? लोकांची पडलेली झाडं, जळाऊ लाकूड रोजावर कापून द्यायचं, असा त्यांचा बेत होता. पण यंत्र काही साथ देईना. दोरी ओढली की सुरू व्हायचं, मंद गतीवर छान गुरगुरायचं. खटका पूर्ण दाबला की मात्र आवाज अर्ध्यावरच अडायचा. लाकडात घातलं की गुदमरून बंद. एका दुरुस्तीवाल्याने वरूनच बघून सांगितलं, "इंजिन गेलंय, पिस्टन-सिलेंडर बदला." खर्च ऐकून ते कटर खांद्यावर टाकून माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकवता. एकदा बघा तरी." मी म्हटलं, "दादा, बघू या. पण एकेक करून बघू."

आता पूर्ण वेग म्हणजे किती, ते आधी समजून घ्या. चांगला कटर रिकामा चालवला तर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. हे टू-स्ट्रोक इंजिन असतं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. बारा हजार भागिले साठ : सेकंदाला २०० स्फोट! प्रत्येक वेळी ताजी हवा आणि पेट्रोल आत यायला हवं, ठिणगी वेळेवर पडायला हवी आणि जळलेला धूर बाहेर पडायला हवा. मंद गतीला थोडक्यात भागतं, म्हणून तेव्हा दोष कळत नाही. भरल्या वर्गात एकच खिडकी उघडी ठेवली तर काय होतं, तसंच हे.

सगळ्यात आधी प्लगची टोपी काढून ठेवली. हे विसरायचं नाही; साखळीला हात लावताना इंजिन चुकून फिरलं तर बोटं जातात. मग हातमोजे घालून साखळी फिरवून पाहिली. ती फार ताणलेली असली किंवा ब्रेकचा पट्टा घासत असला, तर इंजिन धडधाकट असूनही वेग येत नाही. साखळी मोकळी होती. चोक पूर्ण उघडा होता. खटका दाबल्यावर कार्बोरेटरमधली झडपही पूर्ण उघडत होती.

मग पेट्रोल. टाकीतलं पेट्रोल किती जुनं, कोणालाच ठाऊक नव्हतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्या किनाऱ्यावरची पावसाळी हवा तर तुम्ही जाणताच. ते ओतून ताजं घातलं. फरक नाही. एअर फिल्टर काढला, तर त्यावर भुसा आणि तेलाचं मिळून गोधडीसारखं जाड पुट चढलेलं. साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवला. आवाज किंचित चढला, पण लाकडात पुन्हा तेच रडगाणं. टाकीत बुडालेला पेट्रोलचा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढला. काळा पडलेला. नवा अगदी किरकोळ पैशांत मिळाला. टाकीत हवा शिरायची वाट बंद असेल तर काही मिनिटांनी पेट्रोल येईनासं होतं, म्हणून इंजिन गुदमरत असतानाच झाकण सैल करून पाहिलं. तिथेही काही नाही.

एवढ्यात बघायला जमलेल्यांपैकी एकाने सल्ला दिला, "तो एच लिहिलेला स्क्रू आत पिळा, गुरुजी. लगेच वेग चढतो." मित्रांनो, हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. तो स्क्रू आत फिरवला की वेगातल्या इंजिनाला मिळणारं पेट्रोल कमी होतं आणि काही वेळा आवाज खरंच चढतो. पण टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. इंजिन किंचाळत तापतं आणि एक दिवस पिस्टन सिलेंडरला चिकटून बसतो. बाकी सगळं स्वच्छ केल्याशिवाय या स्क्रूला हात लावणं मला मुळीच पटत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. ते गृहस्थ जरा नाराज झाले, पण थांबले.

राहिला सायलेन्सर. तो बोल्ट काढून सोडवला की धूर बाहेर पडायच्या भोकातून थेट पिस्टन दिसतो. पिस्टनवर उभे खोल ओरखडे असते, तर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि दादांचे पैसे बुडाले असते. मी बॅटरीचा उजेड टाकला, दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली केला. पिस्टन गुळगुळीत! दादांना म्हटलं, "या, तुम्हीच बघा." ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

दोष सायलेन्सरमध्येच निघाला. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवायला एक बारीक जाळी असते. ती काजळीने जवळजवळ लिंपून गेली होती. इंजिनाला श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता. तुमच्या आजोबांना विचारा, लुना किंवा जुनी चेतक चालवणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. गाडी चढ चढेनाशी झाली, की सायलेन्सर उतरवून त्यातला कार्बन ठोकून काढायचा. इथेही तेच केलं. पिस्टनने भोक झाकलं जाईल असा तो आणून ठेवला, म्हणजे कचरा आत पडत नाही. कडेचा कार्बन लाकडी काडीने खरवडला; स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पिस्टनवर चरे पडतात. जाळी पकडीत धरून चुलीच्या जाळावर लाल केली आणि तारेच्या ब्रशने झटकली. पलीकडचं आभाळ तिच्यातून दिसू लागलं.

सगळं जोडून अंगणात कटर सुरू केला आणि खटका दाबला. आंब्याच्या झाडावरचे कावळे उडाले! रिकामा असताना पूर्ण वेगात आवाज थोडा फुरफुरता येत होता आणि आंब्याच्या वाळक्या ओंडक्यात घातल्यावर तो स्वच्छ, एकसुरी होत होता. पेट्रोल पुरेसं मिळत असल्याची हीच खूण. म्हणून एचचा स्क्रू होता तिथेच ठेवला.

पण जाळी इतकी भरली कशाने? आधीच्या मालकाने ऑईल अंदाजाने ओतलं असणार, आणि दादाही तोच अंदाज पुढे चालवत होते. "जरा जास्त पडलं तर इंजिनाला बरंच ना, गुरुजी?" असं त्यांनीच विचारलं. जास्तीचं ऑईल नीट जळत नाही, त्याचीच काजळी होते. या यंत्रावर २५:१ असं छापलेलं होतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलीलिटर टू-टी ऑईल. काही यंत्रांना ५०:१ लागतं. आपल्या यंत्रावर काय लिहिलंय ते वाचायचं. त्यांच्या धाकट्या मुलीने, ती सातवीत आहे, पाच लिटरच्या कॅनवर रंगाने '२०० मिली' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर रेघ मारून माप तयार केलं. १०० मिलीची बाटली होती, म्हणून शेजारी कंसात 'दोनदा' असंही लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते कामावर निघाले. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे आणि पायांत बूट आहेत की नाहीत, एवढं मी गेटातून बघून घेतलं.