सारथ्याची निवृत्ती

वृद्धांच्या बैठकीत विषयांचा तुटवडा कधी पडत नाही. दात, गुडघे, रक्तदाब, नातवंडे आणि महागाई हे पाच विषय तर नित्याचेच. परंतु अलीकडे आमच्या संध्याकाळच्या मंडळीत या पाचांना मागे सारून एक सहावा विषय पुढे आला आहे. आपण आयुष्यात कोणकोणत्या मोटारी बाळगल्या, हा तो विषय होय. मंडळी साठीपासून पंच्याऐंशीपर्यंतची. कोणी वकिली केलेली, कोणी दवाखाना चालवलेला, कोणी बांधकाम खात्यात राहून रस्ते बांधलेले. आम्ही तेवढे शाळामास्तर. हा विषय निघाला की दिवेलागण होऊन गेली तरी कोणी उठत नाही. आमच्या घरातून यावर असा अभिप्राय मिळाला आहे की, ‘जुन्या गाड्या म्हणजे पुरुषांचे माहेर!’ आणि विचार करता तो अगदीच खोटा म्हणवत नाही.

तरुण वाचकांस प्रथम हे सांगितले पाहिजे की, आमच्या आठवणीतील मोटारींची नावे फार थोडी. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली निघाली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली व मुंबईस कुर्ल्याला तिचा कारखाना चालला. पहिलीची अँबॅसडर, दुसरीची फियाट आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, एवढ्यांत काय ती निवड करावयाची. त्यांतही फियाटचे जे जुने फुगीर रूप होते, त्यास लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या अंगास असल्याने दार उलटे उघडे. तिच्या मागून आलेल्या फियाटचे पुढे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले.

मोटारी किती बनवावयाच्या याचा परवाना सरकारने द्यावयाचा, आणि मोटार ही तर चैनीची वस्तू गणलेली. त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत बसावे लागे. आमच्यातले डॉक्टर सांगतात की, थोरल्या चिरंजीवांच्या मुंजीच्या साली त्यांनी नाव नोंदवले, आणि गाडी दारी आली तेव्हा चिरंजीवांस मिशा फुटलेल्या होत्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकास मिळाली, तेव्हापासून ही स्थिती पालटू लागली. आणि १९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधनच उठले. परंतु आमच्या मंडळीतील बहुतेकांची पहिली गाडी ही तपश्चर्येचे फळ म्हणून मिळालेली आहे, आणि तपश्चर्येचे फळ कोणी सहजी विसरत नाही.

मौज अशी की, या गाड्यांनी दिलेले सुख कोणी सांगत नाही. सारे त्यांचे हट्ट आणि रुसवेच सांगतात. कात्रजचा घाट, खंबाटकीचा घाट, बोरघाट ही नावे तीर्थक्षेत्रांसारखी उच्चारली जातात. ऐन वैशाखात इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हावी, पंपास ती ओढता येऊ नये, आणि भर चढणीवर गाडी थांबावी. मग पाण्यात भिजवलेले फडके पंपावर घालून ते निवेपर्यंत सर्वांनी झाडाखाली बसावे आणि डब्यातील धपाटे तिथेच उघडावेत. रेडिएटर उकळला तर त्याचे झाकण लगेच न उघडण्याचा संयम, पॉइंट घासण्यासाठी पॉलिश कागदाचा तुकडा खिशात बाळगण्याची दूरदृष्टी, बॅटरी अशक्त असली म्हणजे रात्री गाडी उतारावर तोंड करून लावण्याची युक्ती, या गोष्टी त्या काळी पोथीपुस्तकावाचून शिकल्या जात. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, नाही तर इंजिनाच्या उलट्या झटक्याने मनगट मोडते, हे सूत्र आमच्या काकांनी आम्हांस शब्दरूपावलीच्या आधी शिकवले होते.

शिवाय प्रत्येक गाडीचा आवाज निराळा. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की घरातील माणसे भांड्यांवरची झाकणे काढून पाने मांडावयास लागत. नलोपाख्यानात ऋतुपर्णाचा रथ कुंडिनपुरात शिरताना दमयंतीने नुसत्या रथघोषावरून हे सारथ्य नळाचेच असले पाहिजे असा तर्क केला. आमच्या आजीचा तर्क त्याहून काही कमी नव्हता. चाकांखाली खडी वाजली की ती म्हणे, “आज धाकटा चालवतो आहे, घाई दिसते.” आणि ते खरे निघे.

परंतु जुने ते सोने हे म्हणणे येथे आम्हांस मान्य नाही. आमच्यातील निवृत्त अभियंते या बाबतीत फार परखड आहेत. ते म्हणतात, “त्या गाड्यांत आपण निभावलो ते गाड्या चांगल्या म्हणून नव्हे, रस्ते रिकामे म्हणून.” कमरेस पट्टा नाही, समोर एअरबॅग नाही, दिव्यांचा प्रकाश बेताचा, पुढच्या सलग बैठकीवर तिघे बसलेले आणि त्यांच्या मांडीवर मुले. पाच माणसांच्या गाडीत अकरा माणसे कशी बसवली हे आज आपण अभिमानाने सांगतो. तीच गोष्ट आपल्या मुलाने आपल्या नातवंडांसह केली तर आपण त्यास घरात घेणार नाही. हे अभियंत्यांचे बोलणे कोणास खोडता आले नाही.

मग या आठवणींत एवढा जीव का गुंतावा? आम्ही बरेच दिवस हे संभाषण कान देऊन ऐकले, आणि आमच्या ध्यानात आले ते असे की, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोणीतरी कोणासतरी कोठेतरी पोचवलेले असते. मध्यरात्री शेजारची सून प्रसूतीसाठी इस्पितळात नेली. धाकट्या बहिणीला सासरी सोडावयास गेलो तेव्हा पूर आला होता. वडिलांना शेवटचे कुलदैवताच्या दर्शनास नेले. आळीत गाडी एक आणि ती चालवणारा एक. रात्री दाराची कडी वाजली की ती आपल्यासाठीच, हे त्यास ठाऊक असे. ही मंडळी मोटारीची आठवण काढतात असे वरवर दिसते. वस्तुतः ज्या काळी आपल्यावाचून चार माणसांचे अडत होते, त्या काळाची ती आठवण असते.

हे एकदा समजले म्हणजे, वृद्ध मनुष्याच्या हातून किल्ली काढून घेणे ही किती नाजूक गोष्ट आहे, हेही समजेल. शाळामास्तर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मुंबईतील टॅक्सीसदेखील वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी जातीची शेवटची काळीपिवळी रस्त्यावरून गेली. परंतु घरच्या सारथ्यास निवृत्तीचे वय नाही. पंचावन्न वर्षे उलटल्यावर परवाना पाच-पाच वर्षांनी नवा करून घ्यावा आणि सोबत डॉक्टरचा दाखला जोडावा, एवढेच कायदा सांगतो. थांबावे केव्हा हे सांगत नाही. शरीर मात्र सांगत असते. वयपरत्वे डोळ्याची बाहुली लहान होते, आतील भिंग गढुळते, त्यामुळे रात्री डोळ्यांत शिरणारा प्रकाश उणावतो. समोरच्या गाडीच्या झोताने डोळे दिपले तर ते पूर्ववत होण्यास तरुणपणापेक्षा अधिक वेळ लागतो. मान मागे वळत नाही, आणि कित्येक औषधांनी गुंगी येते. हे दोष एका दिवसात येत नाहीत, म्हणून ज्याचे त्यास ते दिसत नाहीत.

आमच्या मंडळीत या प्रसंगाचे दोन नमुने घडले. आमच्या वकील स्नेह्यांचे वय ब्याऐंशी. एके संध्याकाळी त्यांची गाडी फाटकाच्या खांबास घासली. चिरंजीव भ्याले, आणि भ्यालेच पाहिजेत, परंतु त्यांनी केले ते असे की, किल्ली कपाटात लपवली आणि वडिलांस सांगितले, “अण्णा, गाडी दुरुस्तीस दिली आहे.” ही दुरुस्ती चार महिने चालली. ज्यांनी जन्मभर साक्षीदारांची उलटतपासणी केली, त्यांस हे कळले नसेल असे मानणे म्हणजे त्यांच्या वकिलीचा अपमान होय. त्यांनी अवाक्षर काढले नाही. दर गुरुवारी ते आपल्या अंथरुणाला खिळलेल्या मावसभावाकडे जात, ते जाणे बंद पडले. वाचनालय बंद पडले. पुढे आमच्याकडे येणेही बंद पडले. चिरंजीवांनी एक अपघात टाळला यात शंका नाही. पण त्याची किंमत किती पडली, हे त्यांनी अद्याप मोजलेले दिसत नाही.

दुसरे आमचे अभियंते. त्यांनी सत्तराव्या वर्षी रात्रीची गाडी सोडली, पंच्याहत्तरीस हमरस्ता सोडला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाडव्याच्या दिवशी सर्वांदेखत किल्ली नातीच्या हाती ठेवली. नात म्हणाली, “आजोबा, घेते, पण तुम्ही शेजारी बसायचं.” तेव्हापासून ते डाव्या बाजूस बसतात. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न राहता गिअर खाली आणावा, हे तिला त्यांच्याकडून समजले. कर्णाच्या रथावर बसून शल्याने जे केले, ते मात्र करावयाचे नाही असा त्यांचा निश्चय आहे. तो दहापैकी सात वेळा टिकतो, असे नात सांगते. आणि गुरुवारी ती गाडी आता वकिलांच्या दाराशीही थांबू लागली आहे.

कठोपनिषदात शरीरास रथ म्हटले आहे, बुद्धीस सारथी आणि आत्म्यास रथी. शाळेत हे रूपक शिकवताना रथी व सारथी यांतील भेद आम्ही व्याकरणाने समजावून देत असू. त्याचा व्यवहारातील अर्थ या दोन स्नेह्यांमुळे अधिक उमगला. लगाम दुसऱ्याच्या हाती गेल्याने रथीचे रथीपण जात नाही, मात्र त्यास रथात जागा असली पाहिजे. ज्याची किल्ली घेतली आणि ज्यास घरी बसवले, त्याचा रथच काढून घेतला असे होते.

म्हणून आमचे दोन्ही पिढ्यांस सांगणे आहे. वृद्धांनी आपल्या निवृत्तीचा दिवस आपणच नेमावा, आणि फाटकाच्या खांबाने तो नेमण्याची वाट पाहू नये. रात्र, हमरस्ता आणि मग किल्ली, असा क्रम लावून घेतला तर मन तयार होते. मुलांनी जे सांगावयाचे ते तोंडावर सांगावे. पित्यास सत्य सोसते, बनवाबनवी सोसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, जो किल्ली घेईल त्याने किल्लीबरोबर फेऱ्याही घ्याव्यात. मावसभावाचा गुरुवार, वाचनालय, देवदर्शन आणि संध्याकाळची मंडळी ही सारी त्या किल्लीस लटकलेली असतात. तेवढा वेळ आपणांजवळ नसेल तर भाड्याच्या गाडीची व्यवस्था करावी. पण ‘तुम्हांला आता कुठे जायचं असतं?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये.

आमच्या घरी मोटार उशिरा आली, तीही दुसऱ्या हातची, आणि आमचा परवाना अजून तीन वर्षे चालावयाचा आहे. रात्रीची गाडी आम्ही या दिवाळीपासून सोडली. सूनबाईंस तसे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग शुक्रवारच्या कीर्तनाला किती वाजता निघायचं?”