छोटी लाइन

कागदोपत्री तिची नावं भारदस्त होती. आधी ग्वाल्हेर लाइट रेल्वे, १९४२ पासून सिंदिया स्टेट रेल्वे, १९५१ पासून मध्य रेल्वेची एक शाखा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत मात्र ती शेवटपर्यंत ‘छोटी लाइन’च होती. ‘छोटी गेली का रे?’ एवढं विचारलं की पुरे.

अंगकाठी पहिल्यापासून किरकोळ. तिच्या दोन रुळांत अंतर अवघं दोन फूट. शेजारी मुंबई-दिल्लीच्या ब्रॉडगेजचं साडेपाच फूट. एवढ्याशा पायांवर रुंद डबे तोलत ती डुलत निघाली की नवखा पाहुणा घाबरायचा. ती मात्र अशाच चालीने ग्वाल्हेरहून श्योपुरापर्यंत, जवळजवळ २०० किलोमीटर जायची. दोन फुटी गेजवरची देशातली सर्वांत लांब वाट तिची होती, आणि या गोष्टीचा गर्व तिला होता यात मला तरी शंका नाही.

घराणं तर विचारूच नका. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांना आगगाडीचं वेड. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची गाडी फिरवली. पाहुण्याने तिच्यावरची सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. छोटी या चांदीच्या गाडीची थोरली बहीण. महाराजांच्या हौसेतून जन्मली आणि १८९९ मध्ये शिवपुरी आणि भिंडकडे लोकांना घेऊन धावू लागली. शिवपुरी म्हणजे दरबाराची उन्हाळी राजधानी, तेव्हा सुरुवातीचा थाट राजेशाहीच. पण १९०९ मध्ये ती श्योपुराला पोचली आणि पार गावकरी झाली. जोरा, कैलारस, सबलगढ इथल्या बाजारकरी लोकांत ती रमली ती कायमची.

शेजारीण पंजाब मेल. तिच्यापुढे छोटीचा काय टिकाव लागणार? मेल यायची ती फलाट हादरवत, आणि पोरं बघताहेत तोवर निघूनही जायची. तिचा दरारा होता. पण जीव जडला तो छोटीवर, कारण ती बघू द्यायची. आगगाडी चालते कशी, हे ग्वाल्हेरच्या कितीतरी पोरांना शाळेआधी तिने दाखवलं.

निघायच्या आधी तिचं आवरणं बराच वेळ चाले. फायरमन भट्टीचं दार उघडायचा, लाल उजेड त्याच्या घामेजल्या गळ्यावर पडायचा, फावड्याने कोळसा आत जायचा, दार खाडकन बंद. ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन खाली उतरायचा आणि एकेका सांध्याला तेल पाजायचा. मग गार्डची हिरवी झेंडी. सिलिंडरांतून दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाफेचे फवारे सुटायचे, पुढची पोरं किंचाळत मागे पळायची, आणि चाकांना जोडलेला दांडा हळूच पुढे सरकायचा. चाकाचा एक फेरा, की धुराड्यातून चार हुंकार. ते मोजता यायचे, इतकी ती सावकाश निघायची.

पावसाळ्यात तिचा हट्टीपणा बघावा. ओल्या रुळांवर चाकं जागच्या जागी गरगरा फिरायची, धुराडं भकाभका ओरडायचं, आणि गाडी तसूभर हलायची नाही. मग ड्रायव्हर चाकांखाली वाळू सोडायचा. एवढी मनधरणी झाली की बाईसाहेब निघायच्या.

माणसांना नाही म्हणणं तिला जमलंच नाही. आत जागा नसली की लोक टपावर बसायचे. पोती, दुधाच्या बरण्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं वर. ते धोक्याचं होतं आणि कौतुक करण्यासारखं नव्हतं. पण चंबळच्या त्या रखरखीत मुलखात कितीतरी गावांना दुसरं वाहनच नव्हतं. श्योपूर गाठायला दहा तासांहून जास्त लागत, तरी मधल्या गावांचं घड्याळ तिच्या शिट्टीवर लावलेलं असायचं. पोरं तर शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखत. कोणी तुटक दोनदा वाजवायचा, कोणी एकच लांबवत न्यायचा. यावरून घराघरांत पैजा लागत.

वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं. पोरांना शिट्टीऐवजी भोंगा मिळाला, वाळूची मनधरणी संपली. तिची चाल मात्र बदलली नाही; रूळ तेच, पूल तेच, टपावरची गर्दी तीच. घाई शिकवायला आलेलं नवं इंजिनही वीसेक किलोमीटरच्या वेगाला सरावलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. तिच्या वाटेवर आता ब्रॉडगेज टाकताहेत. मुरैना जिल्ह्यात मोठी गाडी धावूही लागली. त्या मुलखाला मोठी गाडी हवीच होती. दवाखाना, कॉलेज, बाजार गाठायला दहा-दहा तास कोणी का घालवावेत? पण छोटीचं एखादं वाफेचं इंजिन तेवढं भट्टी पेटवून, चार-दोन मैल का होईना, चालतं ठेवावं. काचेमागे नको. पोरांना सिलिंडरच्या वाफेपासून पळता आलं पाहिजे.