दोन बाँड

मार्च 2016 मधला सोमवार. मिरजेत रात्रीचे साडेआठ वाजले होते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे अकरा. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, जागा ठरवणाऱ्या 'मॅच'चा निकाल तेव्हा त्या ठोक्याला ईमेलवर यायचा. माझा आला, तो एका ओळीचा होता: कुठेही जागा मिळालेली नाही. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "आलं का गं काही?" मला तोंडातून शब्द काढता येईना.

इंटर्नशिप संपल्यापासून दोन वर्षं मी एकाच खोलीत काढली होती. अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेतल्या स्टेप वन आणि स्टेप टू सीके, दोन्हींचे गुण चांगले होते. शिकागोला जाऊन स्टेप टू सीएस दिली होती. त्या परीक्षेत रुग्णाचं काम करणारी बारा माणसं एकामागून एक तपासायची, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. परदेशी पदवीधरांना लागणारं इसीएफएमजीचं प्रमाणपत्र हातात होतं. सव्वाशे ठिकाणी अर्ज केले होते आणि बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात लागला होता. एवढं करून मुलाखती आल्या दोन.

त्यातल्या एका मुलाखतीत वयस्कर डॉक्टरांनी मला शांतपणे विचारलं होतं, "तुम्ही स्वतः सांभाळलेला शेवटचा रुग्ण कोणता?" मी महिनाभराच्या ऑब्झर्व्हरशिपमधला एक रुग्ण सांगायला लागले. पण ऑब्झर्व्हरला रुग्णाला हात लावायची परवानगी नसते, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या अर्जात गुण होते, शिफारसपत्रं होती. रुग्ण मात्र नव्हता. हे मला त्या सोमवारी रात्री कळलं.

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. आम्ही तिला नुसतं 'बाँड' म्हणतो. अमेरिकेच्या वाटेवरचा अडथळा समजून मी तो पुढे पुढे ढकलत आले होते. आता दुसरं काही हातात नव्हतं. मी जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तिथली पावसाळ्यातली एक रात्र मी विसरणार नाही. कडब्याच्या गंजीत हात घातलेल्या आठ वर्षांच्या पोराला विंचू चावला होता. अंग घामानं निथळत होतं, उलट्या होत होत्या, हातपाय थंड पडले होते. आजी म्हणत होती, "म्याडम, पोरगं बर्फागत गार पडलंय, कायतरी करा." लाल विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी साधी, स्वस्त गोळी वापरली आणि त्यावरचा त्यांचा लेख 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ती गोळी आमच्या केंद्रात होती. ती दिली आणि रात्रभर दर अर्ध्या तासाला रक्तदाब मोजत मी खाटेशेजारी बसले. आशाताई कंदील घेऊन सोबत होत्या, कारण वीज गेली होती. पहाटे हातपाय उबदार झाले. उजाडल्यावर पोरानं चहा मागितला.

सप्टेंबर 2017 मध्ये मी पुन्हा अर्ज केले. या वेळी साठच. पहिल्या खेपेला परदेशी पदवीधरांना घेतात की नाही, व्हिसा देतात की नाही, पदवीनंतर किती वर्षांपर्यंतचे उमेदवार चालतात, यातलं काहीच न बघता मी पैसे भरत गेले होते. अर्जांची संख्या वाढते तसा पुढच्या प्रत्येक अर्जाचा दरही चढतो. या वेळी एकेका रेसिडेन्सी कार्यक्रमाची माहिती वाचली आणि मगच अर्ज केला. अर्जासोबतच्या निवेदनात 'लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं' हे काढून टाकलं आणि ती रात्र लिहिली. शिफारसपत्रांतलं एक आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं होतं. अमेरिकी पत्रांपुढे ते फिकं पडेल, असं मित्र म्हणाले होते. पण त्यांनीच मला वर्षभर काम करताना पाहिलं होतं.

मुलाखती सात आल्या. त्यांतल्या पाचांत मला विंचवाबद्दल विचारलं. एके ठिकाणी संचालिका बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या म्हणाल्या, "रात्री दोन वाजता तुम्हाला कशाची भीती वाटत होती, ते सांगा." मी खरं ते सांगितलं. व्हेंटिलेटर शंभर किलोमीटरच्या आत मिळेल याची खात्री नव्हती, आणि पोराला हलवू की ठेवू हे मला कळत नव्हतं.

मग पसंतीक्रमाची यादी आली. इथे आपली मुलं हमखास चुकतात. 'हे आपल्याला घेतील' असं वाटणारं रुग्णालय वर टाकतात आणि मनातलं खाली ढकलतात. मॅचचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. त्याची आजची रचना करणाऱ्यांपैकी एक, ॲल्व्हिन रॉथ, यांना 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आवडतं नाव वर लिहिल्यानं खालच्या नावाची संधी कमी होत नाही. मात्र जिथे जायचंच नाही तिथलं नाव यादीत अजिबात घालू नये, कारण मॅच बंधनकारक असते. मी संचालिका बाईंचं रुग्णालय पहिलं लिहिलं. मार्च 2018 मध्ये तेच मिळालं.

रेसिडेन्सीची तीन वर्षं कष्टाची होती. आठवड्याला सरासरी ऐंशी तासांची मर्यादा आहे आणि ती पुरेपूर वापरली जाते. पण सगळ्यांत जड गेली ती व्हिसाची बाब, आणि त्याबद्दल मला आधी कुणीच नीट सांगितलं नव्हतं. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-वन व्हिसावर येतात. त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. त्यातून सूट हवी असेल, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करावं लागतं. नॉर्थ डकोटाचे तत्कालीन सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 1994 च्या तरतुदीनुसार प्रत्येक राज्याला आता वर्षाला अशा तीस जागा मिळतात.

ते कागद वाचताना माझ्या लक्षात आलं, हाही बाँडच आहे. जिथे डॉक्टर जायला तयार नसतात तिथे जा, ही एकच मागणी दोन्ही देशांनी माझ्याकडे केली होती. पहिला बाँड मी हरल्यावर पत्करला. दुसरा मी निवडून घेतला, नॉर्थ डकोटातल्याच एका लहान गावात.

आता लातूर, नागपूर, मिरजेहून मुलंमुली फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, स्कोअर किती लागतो?" 2022 पासून स्टेप वनला गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास, त्यामुळे स्टेप टूच्या गुणांना वजन आलंय, हे मी सांगतेच. अमेरिकी नागरिक नसलेल्या दहा परदेशी पदवीधरांतल्या साधारण सहांनाच जागा मिळते, हेही लपवत नाही. घरचे कर्ज काढणार असतील तर त्यांनी हा आकडा आधी ऐकायला हवा. मग मी विचारते, "गेल्या आठवड्यात किती पेशंट पाहिलेस?" बऱ्याचदा पलीकडे शांतता पसरते. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. अभ्यास कर, पण सकाळची ओपीडी सोडू नकोस, बाँड असेल तर आधी तो मनापासून कर, एवढंच मी कळकळीनं सांगते.

गेल्या शरदात नॉर्थ डकोटातल्या दवाखान्यात एक शेतकरी आजोबा आले. पायाची जखम तीन आठवड्यांची होती, मधुमेह वाढलेला. "एवढा उशीर का केलात?" मी विचारलं. ते म्हणाले, शेतातलं बीट काढून होईपर्यंत कसं येणार? जतला ज्वारीच्या काढणीत हेच ऐकायचे मी, "सुगी उरकली की येतो, म्याडम." मी हातमोजे चढवले, स्टूल ओढलं आणि जखम धुवायला बसले.